ताटं बघणारी ताई

माझ्या आतेबहिणीइतकं लोकांच्या ताटात डोकावणारं माणूस साऱ्या नाशकात दुसरं नसेल. इतर कुणी असं केलं असतं तर नातेवाइकांनी पंगतीला बोलावणंच बंद केलं असतं; ताईनं त्यावर डॉक्टरकी केली. ती मुलांची मानसोपचारतज्ज्ञ. गंगापूर रोडला तिचा दवाखाना आहे आणि ज्या मुलांचं जेवणाशी बिनसलंय अशी मुलं तिच्याकडे येतात. पंचवटीत आमच्या एका भाच्याची मुंज होती, तेव्हा सगळे बटूला आशीर्वाद द्यायला गेले आणि ही मुलांच्या पंगतीसमोर खुर्ची टाकून बसली. तिला चेहरे आठवत नाहीत, ताटं आठवतात. शाळेतला वर्गमित्र तीस वर्षांनी भेटला, बिचारा आता मोठा साहेब, त्याला भर रस्त्यात ही म्हणाली, "तू तोच ना, भाजीला पोळी लागली की डबा बंद करणारा?" साहेब सटपटलेच.

तिच्या घरात कुणाच्याही अंगकाठीवर बोलायचं नाही, असा कडक नियम आहे. 'बारीक झालीस', 'अंग धरलंयस' असं काही तोंडून निघालं की त्या माणसाला परत दाराबाहेर जाऊन नव्यानं आत यावं लागतं. देवळाली कॅम्पचे आमचे एक काका एकदा तीन वेळा बाहेर गेले. तिसऱ्यांदा आत येऊन "आज उकडतंय फार" म्हणाले, तेव्हा कुठे त्यांना चहा मिळाला.

तितकाच तिला राग आहे घाईघाईत आजाराला नाव देणाऱ्यांचा. आईबाप मोबाइलवर वाचून नाव घेऊनच येतात. ही म्हणते, "ते नाव ठेवा खिशात. आधी शाळेतल्या उंची-वजनाच्या नोंदी काढा." मला एकदा तिनं नीट समजावलं होतं. "जेवत नाही म्हणजे ताप आलाय म्हणण्यासारखं आहे रे. कशानं आला? एखाद्याच्या घशात कधीतरी घास अडकलेला असतो, त्याची धास्ती बसते. एखाद्याला बुळबुळीत काही सहनच होत नाही. कुणी खडू खातं. कुणी लपून पोट दुखेपर्यंत खातं आणि मग रडतं. आणि कुणाला आपण जाड होऊ याची भीती वाटते. बाहेरून सगळं सारखंच दिसतं, उपाय मात्र वेगवेगळे."

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी आम्ही तिला जेवायला बोलावलं. निमित्त जेवणाचं, खरा हेतू आमचा ओम. तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि भात, दही, इडली असं पांढरंच काय ते खायचा. ताईनं त्याच्याकडे पाच मिनिटं पाहिलं. "खेळतोय, वाढतोय. याचं सावकाश बघू," म्हणाली आणि सईकडे वळली. सई आमची थोरली, चौदाची. तिचं आम्हाला भारी कौतुक. पहाटे उठून पळायची, साखर सोडलेली, सगळ्यांना आग्रहानं वाढायची. "एवढी शिस्त माझ्यात असती तर!" असं मी चारचौघांत सांगत असे. त्या दिवशी एप्रिलच्या उन्हात ती स्वेटर घालून बसली होती आणि चतकोर पोळीचे बारीक बारीक तुकडे ताटभर फिरवत होती.

"आत्या, मी शाळेतून येताना खाल्लं," सई म्हणाली.

"आज रविवार आहे, बाळा," ताई म्हणाली. इतक्या हळू आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मग 'बांगडी बघू तुझी' म्हणत तिनं सईचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. ती नाडी मोजत होती हे मला नंतर कळलं.

गॅलरीत येऊन मला म्हणाली, "उद्या सकाळी घेऊन ये. उद्या म्हणजे उद्या."

"अगं, पण तिचा काही हाडांचा सापळा झालेला नाही."

"उंची वाढली आणि वजन उतरलं. मुलांचं हे असं होत नसतं. नाडी फार हळू चाललीय."

दुसऱ्या दिवशी रक्त, हृदयाचा आलेख, थायरॉइड, सगळं झालं. ताई सईशी एकटीशी तासभर बोलली. त्यानंतर मात्र तिनं नाव सांगितलं: अ‍ॅनोरेक्सिया, जाड होण्याच्या भीतीनं स्वतःला उपाशी ठेवण्याचा आजार. घाबरून माझ्या तोंडून निघालं, "म्हणजे ही नाटकं नाहीत ना?" ताईनं दाराकडे बोट दाखवलं. मी मुकाट्यानं बाहेर गेलो, परत आत आलो आणि म्हणालो, "ताई, मी काय करू?"

"आता बरोबर आलास. बस," ती म्हणाली.

सई आठवडाभर इस्पितळात होती. पुढचे कित्येक महिने आम्ही दोघं नवराबायको आळीपाळीनं तिच्या ताटाशी बसलो. अर्धी वाटी खिचडीला तास लागे. एकदा ती वाटी भिंतीवर आदळली. "तू माझा कुणी नाहीस," असंही तिनं मला सुनावलं. ताईचा फोन यायचा: "आजाराशी भांड. पोरीशी नको." हळूहळू वजन चढलं, पाळी पुन्हा सुरू झाली आणि एक दिवस ओमच्या अंगावर ती पूर्वीसारखी खेकसली, तेव्हा तिच्या आईला रडू आलं.

परवा तपासणीला गेलो होतो. सई खाली उतरल्यावर मी ताईला विचारलं, "पूर्ण बरी झाली समजू?"

एरवी हजरजबाबी असलेल्या ताईनं आधी खिडकीतून खाली सईकडे पाहिलं. "बहुतेक," म्हणाली. "चिडली तर चिडू दे. गप्प गप्प राहायला लागली तर मला फोन कर."

"मला कसं दिसलं नाही गं तेव्हा? मी तर कौतुक सांगत फिरत होतो."

"एवढ्या जवळून नाही दिसत रे," ती म्हणाली आणि लहानपणी फिरवायची तसा माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिथे आता केस फारसे उरलेले नाहीत. खालून सई हाका मारत होती, "बाबा, रिक्षा थांबलीय, चल ना!" मी "आलो" म्हणालो, पण मला उठवेना.