काकीच्या काळजातलं म्हावरं

मासा विकत न घेता नुसते कल्ले उचकटून बघणाऱ्या गिऱ्हाइकाच्या सात पिढ्या काकी उद्धरायची. मालवणच्या बाजारात ती तोंड उघडायची तेव्हा शेजारच्या देवळातला देवही कानांत बोटं घालत असावा. पण काकीचा मासा शिळा निघाला, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्या नावावरच ती एकटी बाई पोट भरायची. आता ती नाही. बाजार सभ्य झालाय, आणि बेचव.

तोंडवली गावात काकीचं आणि आमचं घर लागून. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. सांगायला लाज कसली? काकी मला नावाने कधी हाक मारत नसे. "बीएस्सी" म्हणायची, तेही शिवी दिल्यासारखं.

एकदा शिंगाळा माशाचा काटा तिच्या बोटात गेला. बोट जांभळं पडलं, तिने हळद चोपडली. मग महिनाभर ताप, वर धाप. कोकण रेल्वे नुकतीच सुरू झालेली. मी तिला कुडाळहून गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. रक्ताच्या तपासणीत कळलं, माशावरचा जंतू काट्याच्या जखमेतून शिरून थेट काळजाच्या झडपेवर बिऱ्हाड करून बसलाय. इतका दुर्मीळ, की डॉक्टर विद्यार्थ्यांचे घोळके घेऊन येत.

"माका बघूक तिकीट लाय रे, बीएस्सी!" पेनिसिलिनचं सलाईन लावलेली काकी म्हणाली. मग हळूच, "बाजारात सांगा नको हां. म्हावऱ्यात जंतू म्हटलंस तर माजा म्हावरा घेतलो कोण?"

"शिजवल्यावर जंतू मरतो, काकी."

"ता तुका ठावक. सगळ्या गिऱ्हायकांका बीएस्सी करूक जातलंस?"

मी बाजारात सांगितलं, काळजाचं दुखणं आहे. तिच्या शेजारी बसणारी म्हणाली, "तिका काळीज होता?"

ताप गेला, झडप गळकीच राहिली. काकी रबरी हातमोजे घालून पुन्हा बाजारात बसू लागली. कुणी विचारलं तर, "माजे हात नाजूक आसत, तुज्यासारके न्हय!"

पुढच्या वर्षी पलीकडे बसणाऱ्या शेवंताला, लग्न होऊन नुकत्याच धंद्यात आलेल्या पोरीला, तसाच काटा लागला. जांभळ्या बोटावर ती हळद लावत होती. काकीच्या टोपलीपाशी तेव्हा चांगली गर्दी होती. तरी ती उठून ओरडली, "हळद फेक गो! डॉक्टराकडे चल! ह्याच म्हावऱ्याच्या काट्यान माजा काळीज खाल्ल्यान!"

गिऱ्हाइकांनी उचललेले मासे परत ठेवले. पुढे तिच्यासमोर कुणी थांबेना. पंधरवड्यात तिने बाजार सोडला.

इंजेक्शनांनी बरी झालेली शेवंता काकीच्या घरी येऊन रडू लागली, तेव्हा काकी तिच्यावर खेकसली, "रडतंस कित्याक मेले? बोट तुजा सुजला, धंदो माजो बुडालो!"