मोडल्याशिवाय नवी नाही

इस्फहानच्या सरकारी दंतचिकित्सालयात डॉक्टर पूरानदोख्त नखई यांनी सव्वीस वर्षे काढली आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकही फाइल मोडली नाही. दाताच्या मुळातली नळी खरवडून साफ करणारी ही केसाएवढी पीळदार सुई चार-दोन अवघड मुळांनंतर थकते. पीळ उलगडतो, मध्येच एक चकचकीत ठिपका दिसू लागतो. अशी फाइल टाकून द्यावी, असे शास्त्र सांगते. भांडाराचा नियम मात्र असा की, मोडलेली फाइल जमा केल्याशिवाय नवी मिळत नाही. त्यामुळे ज्याचा हात जपून चालतो, त्याच्या वाट्याला कायम थकलेली हत्यारे. बाईंनी याविरुद्ध अकरा अर्ज केले होते. पोच मात्र एकाचीही मिळाली नाही.

त्या मंगळवारी खुर्चीत उस्ताद नजफकुली होते. वय एकाहत्तर, आयुष्यभर नय शिकवत आलेले. इस्फहानी वादक ही बासरी ओठांवर न टेकवता वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये धरतात आणि त्यांतलाच एक दात आतून सडला होता. दुसऱ्या दवाखान्याने तो काढून टाकायला सांगितले होते.

"खानम डॉक्टर, खोट्या दातानं जेवता येतं ना?"

"येतं."

"मग तो जेवणाऱ्यांना बसवा. मला हाच ठेवून द्या."

वयोमानाने नळी आक्रसली होती. सर्वांत बारीक फाइल चौदा मिलिमीटरवर अडली. बाईंनी ती बाहेर काढून दिव्याखाली धरली: ठिपका होता. ती आत तुटली असती, तर तुकडा निघाला नसता आणि दातही वाचला नसता.

मग दातावर कापूस ठेवून बाईंनी पक्कड उचलली आणि फाइल स्वतःच मोडली.

भांडारपाल सफ्फारींनी दोन्ही तुकडे उलटसुलट करून पाहिले.

"दातात मोडली?"

"हातात."

"वय झालं, खानम डॉक्टर. हात थरथरायला लागले की माणसानं आपणहून समजून घ्यावं."

छापील कागदावर 'हलगर्जीपणा' या शब्दापुढे बाईंनी सही केली. मग त्या खुर्चीकडे परतल्या.

नवी फाइल पाव वळसा उजवीकडे, पाव डावीकडे, मग औषधाची धार, पुन्हा पाव वळसा, अशी चालत राहिली. पाऊण तासाने बावीस मिलिमीटरवर, मुळाच्या टोकाशी, ती थांबली. खुर्चीचा हात आवळून धरलेली उस्तादांची बोटे सैल झाली.

तीन आठवड्यांनी, दात भरून झाल्यावर, उस्तादांनी तिथेच नय दातांत धरून एक लांब, खर्जातला सूर काढला. तो सरळ निघाला. बाहेरच्या बाकावरून कुणीतरी विचारले, हा दवाखाना आहे की मैफल.

बाईंनी पुढचा क्रमांक पुकारला आणि नवी फाइल दिव्याखाली धरली. पीळ अजून घट्ट होता. आणखी दोन-तीन रुग्ण, मग पक्कड.