संध्याकाळी पडणारी पापणी

महाडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी रबरी हातमोज्यात बर्फ भरला आणि माझ्या नवऱ्याच्या मिटलेल्या डाव्या पापणीवर दोन मिनिटं धरला. बर्फ काढला तेव्हा डोळा उघडा होता. मी त्यांना आत शिरताच सांगितलं होतं, “हे पितात.”

“दारू बर्फानं उतरत नाही, ताई,” डॉक्टर म्हणाले. “हा मायस्थेनिया ग्रेव्हिस वाटतोय. रक्त तपासून खात्री करू.”

म्हणजे नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. सकाळी ताकद असते, दिवसभर वापरून ती संपते. मग पापणी पडते, एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते. हेच सगळं मी ह्यांच्या पिण्याचा पुरावा म्हणून वर्षभर जपलं होतं.

आमचे हे बिरवाडीला कामगारांची बस चालवायचे. संध्याकाळी पोलादपूरच्या वर आमच्या वाडीत यायचे ते अर्धा डोळा मिटलेला, बोलणं बोबडं. वास कधी आला नाही. म्हटलं, वाटेत बडीशेप चघळत असतील. बसच्या ठेकेदारालाही तेच वाटलं आणि त्याने ह्यांना कामावरून काढून टाकलं.

मग मी गावदेवीला गाऱ्हाणं घातलं आणि भर देवळात ह्यांना नारळावर हात ठेवायला लावला.

“जी कधी घेतलीच नाय, ती सोडू कशी?” त्यांनी एकदाच विचारलं. मी नारळ आणखी पुढे सरकवला. “तुझं समाधान हुतंय ना गो? घेतो शपथ.” सगळ्या वाडीसमोर घेतली.

पापणी पडतच राहिली. शेवटी महाडला दाखवायला नेलं. आमची एसटी सकाळची, त्यामुळे डॉक्टरांसमोर डोळा टक्क उघडा. दोनदा “झोप नीट घ्या” ऐकून परत आलो. तिसऱ्यांदा डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले. बाकावर बसून चार वाजले आणि पापणी माझ्यादेखत खाली आली. दिवसभर मी शेजारी होते. मधे एकदा ते लघवीला जाऊन आले. संशयाला मला तेवढं पुरलं.

तुमच्या घरात असं काही दिसलं तर संध्याकाळी मोबाइलवर फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि तोवर तोंड बंद ठेवा. मला ते जमलं नाही, त्याची लाज आजही वाटते.

रक्ताच्या तपासणीत मायस्थेनियाच निघाला. गोळ्यांनी आता पापणी बहुतेक वर असते. गाडी चालवायला मनाई आहे. वाडी मात्र खूश आहे. गुरव मला म्हणाला, “देवी पावली गो तुला. सुटली बघ त्याची.”

मी रिपोर्ट घेऊन ह्यांच्याबरोबर देवळात गेले. सगळ्यांना सांगितलं, हे कधी प्यायलेच नव्हते, चूक माझी होती. कोणी हसलं, कोणी म्हणालं, बाईनं नवऱ्याचं झाकायचंच असतं. रिपोर्ट कोणी हातातही घेतला नाही.

घरी येताना मला रडू आवरेना. हे शांतपणे म्हणाले, “जाऊ दे गो. मी सांगत व्हतो तवा तू तरी कुठं ऐकलंस?”