न कापलेलं शीड

आमच्या तळ्यावरच्या होडी क्लबाचा इतिहास मास्तरांनी वहीत लिहून ठेवला होता. क्लब म्हणजे काय, तर लष्करी कॅम्पातल्या गोऱ्या साहेबांनी मोडीत काढलेल्या तीन शिडाच्या होड्या, त्यांना खानापूरच्या सागवानाची ठिगळं आणि आम्ही सातआठ हौशी माणसं. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि क्लबाचे सेक्रेटरी होते. मी शहापूरचा विणकर. लढाई सुरू झाली, सुताकापडावर कंट्रोल आलं आणि त्यातच माझ्या होडीचं शीड फाटलं, एवढं वहीत आहे. पुढचं नाही.

शीड गेलं आणि माझं जेवणावरचं मनच उडालं. आमच्या भरल्या घरात नवराबायकोनं दिवसाढवळ्या बोलायची पद्धत नव्हती. तरी एकदा सुताच्या कांड्या द्यायला म्हणून बायको मागाजवळ आली आणि हिरवं लुगडं ठेवून गेली. तिच्या वडलांनी विणलेलं ते शेवटचं लुगडं.

"शिडाला बांधा. पर कात्री लावायची न्हाय," एवढंच म्हणाली.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. शीड हवं तिकोनी. अख्खं लुगडं बांधलं तर होडी वाऱ्याबरोबर जाईल, पण वाऱ्याविरुद्ध परत कशी यायची? मी हट्टाला पेटलो. लुगड्याची घडी घालून ती बांबूला बांधली. दुपारनंतरचा मावळतीचा वारा त्यात भरला आणि होडी तरंगत पलीकडच्या काठाला लागली. परत येईना ती येईनाच. मंडळी पोट धरून हसली.

पलीकडं बायको रंगवलेलं सूत खळबळत होती. दर रविवारचं तिचं ते काम. ओलं सूत वाहताना तिचे खांदे भरून यायचे. आम्ही दोघांनी ते होडीत टाकलं, तिच्याजवळचा दोर होडीला बांधला आणि काठाकाठानं होडी ओढत आणली. सूत आयतं येतंय म्हटल्यावर घरची मोठी माणसंही गप्प बसली.

मग दर रविवारी तेच. पाण्यात हिरवी सावली हलायची, होडी मागून गुमान यायची आणि ही बोलत असायची. वडलांचा माग, निपाणीच्या मावशीच्या अंगणातला तंबाखूचा वास, लहानपणी पडलेलं एखादं स्वप्न. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि ही इतकं बोलते हे मला ठाऊकच नव्हतं. तेवढं सुख मला पुढं कशातच मिळालं नाही.

लढाई संपली. मास्तरांनी कुठूनसं कॅनव्हास मिळवून तिकोनी शीड शिवलं. लुगडं मी धुऊन, घडी करून तिला परत दिलं. रविवारी सगळी मंडळी जमली. तळ्याच्या मध्यावर मी सुकाणू फिरवलं आणि होडी चक्क वाऱ्याकडं वळली.

"आली रं, आली!" मास्तर ओरडले.

माझीही छाती फुगली. सहज मागं पाहिलं. पलीकडच्या काठावर ती उभी होती. उन्हानं विटलेलं तेच हिरवं लुगडं नेसून, हातात दोर घेऊन.

मी होडी पुन्हा फिरवली. मास्तर हाका मारत राहिले. काठ जवळ आल्यावर नवं शीड उतरवलं आणि तळाशी कोंबलं.

"फाटलं व्हय?" तिनं विचारलं.

"व्हय."

धडधाकट कॅनव्हास तिला समोर दिसत होतं. तिनं ओलं सूत त्याच्यावर नीट पसरून ठेवलं आणि दोराचं एक टोक माझ्या हातात दिलं.