काटेपूर्णेचा डोह

माझे यजमान तापाने आजारी पडले तेव्हा त्यांना उपचारासाठी अमरावतीला आणलं होतं. दवाखान्यातून अंबादेवीच्या देवळात आणि देवळातून पुन्हा दवाखान्यात, असे माझे दिवस गेले. ओटी भरली, उपास केले, नाही नाही ते नवस बोलले. ते वाचले नाहीत. त्यानंतर देवीसमोर हात जोडणं माझ्याच्यानं होईना. देवळावरून जाताना मी नजर खाली घालून जात असे. देव नाही असं म्हणायचंही धाडस नव्हतं, पण आहे म्हणावं तर काय आधार?

माझे सासरे हिवरखेडचे शेतकरी. त्यांनी दिरांचा विरोध पत्करून मला अमरावतीला व्यायामशिक्षिकेच्या वर्गाला घातलं. ही साठ-बासष्ट सालच्या सुमाराची गोष्ट. विधवा सून अर्धी चड्डी घालून मैदानात धावणार म्हटल्यावर गावात काय बोलणं झालं असेल ते सांगायला नको. सासरे एवढंच म्हणाले, "घरात बसून रडशीन तं रडतच राहशीन. पोरींले शिकव, तुयंबी मन लागीन." पण एकच वर्ष, असं घरात ठरलं होतं. नापास झाले तर परत हिवरखेडला जायचं, आणि परत गेले की पुन्हा बाहेर पडणं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

वर्गाची सर्वांत अवघड परीक्षा होती एका दिवसात तीन कामं करण्याची. पहाटे अमरावतीहून बडनेऱ्यापर्यंत धावायचं, तिथून सायकलीने अकोल्याच्या रस्त्याला लागायचं आणि वाटेत काटेपूर्णा नदी पोहून पलीकडे जाऊन परत यायचं, मग सायकलीनेच अकोला गाठायचं. परीक्षेआधी आमच्या वर्गाच्या सरांनी नवरात्रात तसाच पूर्ण दिवसाचा सराव ठेवला. हा सराव जी पार पाडणार नाही तिला परीक्षेला बसता येणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. सर कठोर होते, पण पक्षपाती नव्हते.

आणि माझी तयारी काहीच नव्हती. सगळा भाद्रपद मी हिवतापाने अंथरुणावर होते. बाकीच्या मुली हौदात पोहत होत्या तेव्हा मी दोन दोन गोधड्यांखाली कुडकुडत होते. माझ्या खोलीत रत्ना नावाची अकोल्याच्या जुन्या शहरातली मुलगी राहायची. तिच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. देवदेवतांशी तिचं काही देणंघेणं नव्हतं, पण माझ्या तापात रात्री उठून पाणी तीच पाजायची. ती म्हणाली, सरांना स्पष्ट सांग, जिवाशी खेळू नकोस. मी ऐकलं नाही. सांगितलं असतं तर सर कदाचित थांबलेही असते, पण माझं वर्ष थांबणार नव्हतं.

बडनेरा येईपर्यंतच बरगडीखाली कळ येऊ लागली. सायकलीवर बसल्यावर वाटलं, आता थोडं हलकं वाटेल. पण आश्विनातलं ऊन चढलं आणि वारा समोरून वाहू लागला. दोन्ही बाजूंना काळ्या रानात कपाशीची पऱ्हाटी उभी, सावलीला म्हणून झाड लांबपर्यंत नाही. मुर्तिजापूरला चहा-केळी झाली तेव्हा मी सायकलीचा आधार घेऊनच उभी राहिले. पुढे बाकीच्या मुली दिसेनाशा झाल्या. रत्ना मुद्दाम माझ्यासाठी मागे रेंगाळत होती. माझ्यापायी तिचाही दिवस वाया जाईल म्हणून मी रागावून तिला पुढे पाठवलं. मग एकटीच पायडल मारत राहिले. प्रत्येक चढाला वाटे, आता उतरावं. उतरले तर पुन्हा बसवणार नाही, या भीतीने उतरले नाही.

काटेपूर्णेच्या काठी चंडिकेचं देऊळ आहे. नवरात्र असल्यामुळे ओटी भरायला आलेल्या बायकांची गर्दी होती. पाऊस उघडून फार दिवस झाले नव्हते. नदी गढूळ आणि डोह भरलेला. सरांनी एका भोयाला डोंगा घेऊन पात्रात ठेवलं होतं. डोंग्याला जिने हात लावला तिचा सराव संपला, असा नियम.

पलीकडचा काठ मी कसाबसा गाठला. तिथे चिखलात बसून घटकाभर दम घेतला आणि परत निघाले. निम्म्याच्या जवळपास आल्यावर डाव्या पोटरीत गोळा आला. पाय दगडासारखा झाला. डोंगा बराच खाली दुसऱ्या मुलीपाशी होता. मी हात आपटू लागले, जितके आपटले तितकी खाली जाऊ लागले. नाकातोंडात पाणी गेलं. ओरडायला तोंड उघडलं की गढूळ पाणीच आत येई. दोनदा वर आले. तिसऱ्यांदा वर येताना हातातलं बळ सरलं होतं. मनात एवढंच आलं, आई, आता तूच बघ. कोणत्या आईला म्हणाले ते मला आजही सांगता येणार नाही. मी हात सोडून दिले.

त्याच वेळी काठावरून आवाज आला, "पोरी, उभी राय!"

डोहाच्या मध्यात उभं कुठे राहणार? पण विचार करायची शक्तीच नव्हती. पाय खाली गेले, आणि टाचेला खडक लागला. मी उभी राहिले. पाणी छातीपर्यंत होतं.

खोकून खोकून छाती मोकळी झाली तेव्हा दिसलं, काठावर एक म्हातारी उभी होती, ओच्यात ओटीचं सामान धरून. सर भोयाला डोंगा आणायला ओरडत होते. मी हात वर करून नको म्हटलं. म्हातारी म्हणाली, "आधी दम घे, बाई. घाई कोनाले हाय?" मी उभ्याउभ्याच पोटरी चोळली. गोळा उतरल्यावर पुन्हा पाण्यात अंग टाकलं आणि हळूहळू काठाशी आले. रत्ना कमरेइतक्या पाण्यात येऊन उभी होती.

मी म्हातारीच्या पाया पडले. ती संकोचली. "म्या काय केलं? खडक तं तुया पायाखालीच होता," म्हणाली. तेवढ्यात भोई आला. त्या खडकाच्या चारी अंगांनी पाणी इतकं खोल होतं, की त्याचा बांबूही तळाला लागत नव्हता. या गढूळ पाण्यात खडक तुला दिसला कसा, असं त्याने तिला विचारलं.

"दिसला कुठं?" ती म्हणाली. "लहानपनी उन्हाळ्यात पानी उतरलं का मी याच्याच वरतं उभी राहून पोहणं शिकली. हे पोरगी बुडून राहिली होती, अन् मले तोच आठवला."

एवढं बोलून ती देवळाच्या पायऱ्या चढून गेली. मीही ओल्या कपड्यांनिशी तिच्या मागे गेले. कितीतरी दिवसांनी हात जोडले. काय मागावं ते सुचलं नाही, म्हणून काहीच मागितलं नाही. रत्ना बाहेर माझी सायकल धरून थांबली होती. संध्याकाळी आम्ही दोघी सोबतच अकोल्याला पोचलो, सगळ्यांच्या मागे. सरांनी माझा सराव पूर्ण धरला.

पुढे परीक्षा पास झाले, अकोल्यात मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि ती मी निवृत्त होईपर्यंत केली. तो प्रसंग मी पुष्कळांना सांगितला. कुणी योगायोग म्हणतं, कुणी साक्षात्कार. मी वाद घालत नाही. यजमानांना का नेलं, याचं उत्तर मला त्या दिवशीही मिळालं नाही, आजही मिळालेलं नाही. पण शरण जाणं म्हणजे काय, ते त्या पाण्यात थोडं कळलं. देवीने मला उचलून काठावर ठेवलं नाही. मी धडपड सोडली तेव्हा दम घेण्यापुरती जागा तिने दिली. उरलेली नदी मलाच पोहायची होती, आणि ती पोहता आली, एवढी तिची कृपा.