लुसियाच्या आईची फुलं

लुसियाच्या वारलेल्या आईसाठी मांडलेली फुलं मी चोरली होती. परवा इथे परदेशात, चँडलर गावातल्या एका दुकानात झेंडूचा वास आला आणि ती संध्याकाळ पुन्हा समोर उभी राहिली.

तेव्हा मी स्टेट कॉलेजला शिकत होतो. मेक्सिकन विद्यार्थ्यांनी हॉलमध्ये आपल्या गेलेल्या माणसांचे फोटो मांडले होते; वर्षातून एकदा, त्या दिवशी ती माणसं भेटायला येतात, असं ते मानतात. माझ्या वर्गातली लुसिया दारापासून आईच्या फोटोपर्यंत झेंडू ठेवत म्हणाली, "या वासानं आईला वाट सापडेल." आई त्याच उन्हाळ्यात गेली होती.

शेजारच्या खोलीत आमची दिवाळी होती, पण तोरणाला फुलं नव्हती. माझा मित्र समीर म्हणाला, "यार, एवढी पडलीयेत, उचल ना! कोण मोजतंय?" लुसिया कपडे बदलायला गेली, तेव्हा मी पिशवी भरली.

परत येऊन ती रिकाम्या फरशीकडे बघत राहिली. "कुणी नेली, पाहिलंस?"

"नाही," मी म्हणालो. माझ्या हातांना तोच ओलसर, कडवट वास येत होता.

तेव्हा मला ती नुसती चार फुलं वाटली होती. गेल्या वर्षी माझी आई गेली, मी वेळेवर घरी पोचू शकलो नाही. परवा लुसियाला फोन करून सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "त्या वर्षी आई आली नाही. पुढे मी कधी काही मांडलंच नाही."

भरून काढण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तरी मी म्हणालो, "लुसिया, मला माफ कर."