जयगडला उतरलेले कप्तान

आमच्या कप्तानांबद्दल लिहायचे मी वर्षानुवर्षे टाळले. लग्नकार्यात, पानाच्या ठेल्यावर त्यांचा एक किस्सा मी हवा तेव्हा सांगितला. लिहायला बसलो की मात्र पेन अडायचे. कागद हसत नाही. आता ते नाहीत, आणि माझेही वय झाले. तेव्हा खरे काय ते लिहून टाकतो.

कप्तान म्हणजे माझे साडभाऊ. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, माहेर पांढुर्ण्याचे. त्यांची सौसरजवळ, मोहगावच्या रस्त्याला संत्र्याची बाग. समुद्र तिथून कुठल्याच दिशेला जवळ नाही. पण या माणसाच्या तोंडी सदा बंदर, गलबत आणि सुकाणू. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीवर त्यांनी वारा पाहायला झेंडा लावला होता. फवारणीवाला पंप घेऊन आला की झेंड्याकडे बघून म्हणत, "थांब जी, वारा दर्यावरून येऊन राहिला." दर्या! शेजारच्या जामसांवली गावाच्या बाजूने! सासरवाडीने त्यांना कप्तान करून टाकले आणि त्यांनी ते नाव सरकारी पदवीसारखे मिरवले.

किल्ल्यांबाबत त्यांचे एक ठाम मत होते. "बांधणाऱ्यानं तोंड समुद्राकडे केलं, अन् आपण एस.टी.नं मागच्या दारानं जातो. पाहुणा असा येते का?" विजयदुर्ग शिडाच्या होडीतून, समोरून पाहायचा, एवढी एकच हौस त्यांनी आयुष्यभर बोलून दाखवली. एका हिवाळ्यात बागेतल्या संत्र्यांची तोड आटोपली आणि ते मला घेऊन कोकणात निघाले.

हर्णैहून होडी ठरवली. दिवसा दर्यात, मुक्काम किनाऱ्यावरच्या जुन्या गावांत. गावे पाहण्याची त्यांची रीतही त्यांचीच. दाभोळला खाडीकाठच्या जुन्या मशिदीच्या पायरीवर बसून त्यांनी तिथल्या एका म्हाताऱ्याला विचारले, "इथं पहिले देशोदेशीचा माल उतरे म्हणतात. संत्रा येत होता का जी?" म्हातारा म्हणाला, तसे काही ऐकले नाही. कप्तान खरेच हळहळले. मग पिशवी उघडून त्यांनी बसलेल्या सगळ्यांना संत्री वाटली. "घ्या. आता आला म्हणा."

होडीवर तर त्यांना गप्प बसवतच नव्हते. लाट आली की होडी चालवणाऱ्या तांडेलाला सल्ला, "वावरातल्या सऱ्यांवरून बैलबंडी नेतो तशी तिरपी घ्या. नाही तं उलार होऊन मांगं कलंडते." तांडेल शांतपणे म्हणे, "तिरपीच घेतलीय, काका." "शाब्बास!" कप्तान म्हणत. जणू यांनी सांगितले नसते तर आम्ही बुडालोच होतो.

दाभोळ सोडले त्या दिवशी वारा वाढला. जयगड दिसू लागला आणि माझा धीर सुटला. उलट्या मला झाल्या. डोलकाठीला मिठी मारून मी रडलो. "मले उतरवा, मी मरतो," असे ओरडलो. कप्तानांनी संत्र्याची साल माझ्या नाकाशी धरली. "हुंगा, साडभाऊ. फिकर नका करू. तो काय किनारा." जयगडला उतरल्यावर मी पुन्हा होडीत पाय ठेवणार नाही म्हणालो. ते एकटे पुढे जाऊ शकले असते. पण म्हणाले, "तुमाले अशा हालतीत टाकून गेलो, तं पांढुर्ण्यात काय तोंड दाखवू?" तांडेलाचा निरोप घेताना ते दक्षिणेकडे बराच वेळ पाहत राहिले. विजयदुर्ग तिकडेच होता.

पांढुर्ण्याला सासरी साऱ्यांनी विचारले, इतक्या लवकर कसे परतलात? कप्तान तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "कप्तान दर्याले भेले." घर हसले. हसू पाहून मी उलट्या, डोलकाठी, रडणे, सारे त्यांच्या अंगावर चढवले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले. मग म्हणाले, "काय करता जी, पोटच कच्चं निघालं."

पुढे ओढ्याला पाणी आले की लोक विचारत, "कप्तान, उतरता का? घोट्यापर्यंतच आहे." ते हसत. त्यांनी पुन्हा कोकणाचा विषय काढला, तर त्यांची बायको आडवी आली, "जीव घाबरते तं कायले जाता?" एके दिवशी मोटारीच्या खोलीवरचा झेंडा दिसला नाही.

शेवटी माफी मागायची असे ठरवून मी बागेत गेलो. एक पाहुणे बसले होते. म्हटले, "साडभाऊ, जयगडचं बोलायचं होतं."

त्यांचा चेहरा उजळला. पाहुण्यांना म्हणाले, "ऐका आता. आमचे साडभाऊ लय रंगवून सांगतात."

आणि मी सांगितले. नेहमीसारखेच, त्यांच्याच नावावर, डोलकाठीसकट. सगळ्यांत मोठ्याने कप्तानच हसले.

निघताना ते फाटकापर्यंत आले. आम्ही दोघेच होतो. ती आमची शेवटची भेट ठरली.

"तुमी अजून काही म्हणत होते का जी?" त्यांनी विचारले.

"नाही जी," मी म्हणालो. "सहज आलो होतो."